दुसऱ्या मॉनिटरची एक वायर

पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागायची. मथळा आधी सुचायचा, मागण्या मागून यायच्या, आणि कोणाला झोडायचं ते सगळ्यात आधी ठरलेलं असायचं. वारूळवाडीत मी मामाकडं राहायचो; तिथंच पुढच्या खोलीत मामेभावाचं डीटीपीचं दुकान होतं. मी त्याला दादा म्हणायचो. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, शाळेचे पेपर ही त्याची कामं. रेशन, रस्ता, पाणी, वीज ही माझी. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी विशीत होतो. आमच्या युवक मंडळाच्या प्रत्येक पत्रकात भीती हा शब्द असायचा, पण तो दुसऱ्यांसाठी. अधिकाऱ्यांना भीती राहिली नाही. पुढाऱ्यांना भीती वाटली पाहिजे.

मला स्वतःला भीती कशी वाटते ते एका आठवड्यात कळलं. तो आठवडा लिहितोय. त्यात मी शूर कुठंही नाही, तेव्हा तसं काही शोधू नका.

दादाच्या टेबलावर दुसरा मॉनिटर आला तो नारायणगावातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून. सतरा इंची, मागं भलंमोठं कुबड, कवेत घेऊनच आणावा लागला. दादानं मामीला सांगितलं, "डाव्या बाजूला पत्रिका करायची, उजव्या बाजूला गिऱ्हाइकाला दाखवायची. पुण्यात समदे असंच करत्यात."

मामी म्हणाली, "एक बघून तुझं डोळं लाल व्हत्यात. आता दोन बघून आंधळा हो."

पत्रिकेचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण विमान होतं. विमान उडवायचा एक खेळ दादाकडं होता. त्यानं जन्मात विमानतळ पाहिला नव्हता, पण रोज संध्याकाळी तो मुंबईहून उडायचा, घाट ओलांडायचा आणि नारायणगाव शोधायचा. खेळात नारायणगाव नव्हतं. जिथं असायला पाहिजे तिथं तपकिरी रंगाची चादर अंथरलेली. शिवनेरीच्या जागी एक टेंगूळ.

"कुकडी नदीसुदिक दिली न्हाई राव," तो म्हणायचा.

"निवेदन देऊ का?" मी विचारायचो.

"दे. पण आधी पुण्याहून कार्ड आण."

ते ग्राफिक्स कार्ड शेवटी त्यानंच आणलं. त्याला मॉनिटर जोडायची दोन तोंडं होती. आधी आम्ही दोन्ही पडदे मिळून एकच लांब पडदा केला, तर विमानाचं नाक नेमकं दोन मॉनिटरांच्या मधल्या प्लास्टिकवर आलं. समोरचंच दिसेना. मग दादानं विमानाची समोरची खिडकी डावीकडं ठेवली, आणि नकाशा, काटे, दिशा सगळं उजवीकडं ओढून नेलं. हे झकास दिसायचं. पण कार्डाला दोन पडदे ओढताना घाम फुटायचा. कोपऱ्यात पिवळे आकडे असायचे, सेकंदाला किती चित्रं निघतात ते सांगणारे. एका पडद्यावर चाळीस निघायची. दुसऱ्यावर नकाशा टाकला की वीस. घाटावर आलं की बारा. विमान पायऱ्या उतरल्यासारखं चालायचं. दादानं खेळातली झाडं बंद केली, मग ढग, मग सावल्या.

"आता नुसता दुष्काळ दिसतोय," तो म्हणाला. त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि टेबलफॅन थेट कार्डावर लावला.

आता वीज. आमच्या घराच्या लाइनीला संध्याकाळी जीवच नसायचा. कॉम्प्युटर आणि डावा मॉनिटर यूपीएसवर कसेबसे चालायचे. उजवा त्यातच लावला की यूपीएस बोंब मारायचा. शेजारी चाचांचं गाद्यांचं दुकान होतं. त्यांचं कनेक्शन खांबावरच्या दुसऱ्या फेजवर होतं, त्यांच्याकडं बल्ब आमच्यापेक्षा बरा पेटायचा. दादानं विचारलं तर चाचा म्हणाले, "घ्या की. माझं कापूस पिंजायचं मशीन सकाळीच चालतं, सांजंला बंद. लाइट तिकडं एकटी बसून काय करणार?"

दादानं भिंतीवरून वायर आणली. एकच.

विजेला जायला एक वायर लागते आणि परत यायला एक. परतीची वायर आमच्या गल्लीत खांबावरच ढिली होती, त्यामुळं सगळ्यांचेच दिवे मिणमिणायचे. त्यावर आमच्या भागात एक उपाय होता. शेतावरच्या मोटारीच्या खोलीत तो कोणीही करायचं: परतीची वायर सोडून द्यायची आणि दुसरं टोक ओल्या जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपाला बांधायचं. बल्ब लख्ख पेटतो. याला सगळे ‘रिटर्न जमिनीला टाकला’ म्हणायचे आणि टाकणाऱ्याला हुशार म्हणायचे. आमच्या खिडकीखाली गल्लीतल्या सार्वजनिक नळाचा उभा पाइप होता. चार-पाच घरं त्यावर पाणी भरायची. दादानं त्यावरचा गंज पत्र्यानं खरवडला, तार गुंडाळली, वर काळी टेप मारली. पक्कड माझ्या हातात होती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी बरेच दिवस ‘दादानं केलं’ असंच सांगत होतो.

वायरीच्या टोकाला एक बोर्ड बसवला आणि उजवा मॉनिटर आणि टेबलफॅन त्यावर लागले. कित्येक महिने काही झालं नाही. लोखंडी पाइप गल्लीभर जमिनीखालून गेला होता; इतक्या लोखंडातून, इतक्या ओल्या मातीत करंट कुठं जिरायचा ते कोणाला कळतही नव्हतं. मग पंचायतीनं गल्ली खणली, गंजलेला पाइप काढला आणि प्लास्टिकचा टाकला. नळाजवळचा तेवढा कमरेइतका लोखंडी तुकडा राहिला. त्यावर मी पत्रक काढलं नाही. काम झाल्यावर पत्रक काढायची आमच्यात पद्धत नव्हती.

त्यानंतर उजव्या मॉनिटरचं चित्र आखडायला लागलं.

दुपारी लोडशेडिंग असायचं. पाचला लाइट यायची, लगेच दादा बसायचा. त्याच वेळी पंचायतीची मोटार सुरू व्हायची आणि पाव तासानं नळाला पाणी यायचं. सुरुवातीला उजवीकडचं चित्र चारी बाजूंनी काळी कड सोडून आत ओढलेलं असायचं, थरथरायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी ते हळूहळू फुगायचं आणि पडदा भरायचा. आम्ही कार्डाला दोष दिला. दुसरा पडदा पेलत नाही, दुसरं काय. दादानं ड्रायव्हर बदलला. कार्ड काढून त्याचे पिवळे दात खोडरबरानं घासले. रंग कमी केले. शेवटी तो म्हणाला, "ह्ये डिझेल गाडीसारखं हाये. गरम झाल्याबिगर वढत न्हाई." मलाही ते पटलं. आम्ही दोघं हातावर हात ठेवून चित्र भरायची वाट बघायचो.

बाहेर बायका म्हणायला लागल्या होत्या की नळ चावतो. मामी जेवताना म्हणाली, "हाताला मुंग्या येत्यात रे त्याला धरलं की." मी म्हणालो, विजेच्या पत्रकात घालतो.

मग एका संध्याकाळी हंडा पडल्याचा आवाज आला. मी बाहेर गेलो. चाचांची बायको, म्हणजे चाची, नळाखालच्या चिखलात बसली होती. उजवा हात डाव्या हातात धरलेला. बोटं मिटलेली ती उघडेनात. ती रडत नव्हती. "मला कोणी ढकललं?" एवढंच विचारत होती. मामी म्हणाली, कोणी न्हाई गं. तर पुन्हा, "न्हाई, मला कोणीतरी ढकललं."

मी पेटलो. खोटं नाही, मनापासून पेटलो. ढिल्या तारा, वाकलेले खांब, आणि आता माणसं नळावर मरायची पाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागाचा वायरमन आला. अवसरी बुद्रुकचा होता, हंगामी कामगार, सायकलच्या दांड्याला शिडी बांधून फिरायचा. त्यानं नळाला टेस्टर लावला, पाइपाला लावला, खाली मातीला लावला. दिवा पेटला नाही.

"करंट न्हाई वैनी," तो मामीला म्हणाला.

कसा असेल? सकाळी आमचा बोर्ड बंद होता. त्याच संध्याकाळी अजून एका बाईला झटका बसला. वायरमन दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळीच आला, कारण संध्याकाळी त्याला सबस्टेशनवर सगळे फीडर, म्हणजे गावोगावच्या लाइनी, सांभाळायच्या असायच्या. पुन्हा दिवा पेटला नाही. गल्लीत एकच बोलणं: हा खोटं बोलतोय, वरच्या साहेबांना वाचवायला बघतोय.

मला त्याच्याबद्दल एक गोष्ट माहीत होती. हंगामी कामगारांना कायम करायची यादी निघाली होती आणि तीत त्याचं नाव होतं. चहाच्या टपरीवर त्यानं स्वतःच आनंदानं सांगितलं होतं. मी तेच उचललं. पत्रकात लिहिलं: ‘आयाबहिणी नळावर तडफडत असताना टेस्टर लावून करंट नाही असं सांगणाऱ्या वायरमनला कायम करणार की घरी बसवणार? त्याचं नाव यादीतून काढलंच पाहिजे. उद्या सकाळी अकरा वाजता वीज कार्यालयावर मोर्चा.’ खाली माझी सही. हे मी त्या संध्याकाळी डाव्या पडद्यावर टाइप केलं आणि छापून कसं दिसेल ते उजव्या पडद्यावर बघितलं. उजवीकडचं चित्र आखडलेलं होतं, शेवटची ओळ नीट वाचता येईना. दादाला म्हणालो, कार्डाचं काहीतरी कर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रक नारायणगावात वाटून झालं.

साडेचारला वायरमन दुकानात आला. पत्रकाची घडी वरच्या खिशात होती.

"भाऊ, हे तुमी लिवलंय?"

"मीच लिहिलंय. खाली सही आहे."

"व्हय, वाचली. छपाई चांगली आलीय." त्यानं घडी उघडून पुन्हा घातली. "सायबाच्या टेबलावर एक गेलंय. मला उद्या धाला बोलावलंय."

"मग सांगा तिथं खरं काय ते."

"खरं मलाबी म्हाईत न्हाई." तो दारातच उभा होता, आत या असं मी म्हणालो नाही. "एक करू द्या. आज पाणी चालू असताना बघतो. फीडर दुसऱ्याला बघाया सांगून आलोय. पाणी आलं की करंट येतो आसं बाया म्हणत्यात. मग पाणी चालू असतानाच बघाय पायजे का न्हाई?"

"बघा की. सगळ्यांसमोर बघा," मी म्हणालो. मला वाटलं, बरंच झालं, उद्या भाषणात सांगता येईल.

पाचला लाइट आली. दादा विमान घेऊन बसला. "तुमचं चालू द्या, मला काय त्यात," म्हणाला. सव्वापाचला नळ सूंसूं करायला लागला आणि गल्लीतल्या बायका लांब अर्धगोल करून उभ्या राहिल्या. मी दुकानाच्या दारात होतो. तिथून उजव्या हाताला नळ दिसायचा, डाव्या हाताला आत टेबलावरचे दोन्ही पडदे.

वायरमननं पाइपाला टेस्टर लावला. लाल दिवा पेटला. त्याचा चेहरा उतरला नाही, उलट त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. "हाये," तो म्हणाला. "व्हता म्हंजे. चाचा, ह्यो टेस्टर असाच धरा, हात फकस्त मुठीलाच आन् बोट वरच्या बटणावर. मी खांबावर जातो. एकेक फेज काढतो. दिवा गेला की वरडा."

तो गल्लीच्या टोकाला खांबावर चढला. पहिली फेज काढली. आमच्या घरातला दिवा गेला, यूपीएस टूं टूं करायला लागला. दोन्ही पडदे चालूच. चाचा ओरडले, "हाये अजून!"

यूपीएस वाजायचा थांबला, म्हणजे त्यानं ती परत घातली. मग दुसरी काढली.

आत टेबलफॅनचा आवाज बसला. मी वळून बघितलं. डाव्या पडद्यावर विमान घाटावरून चाललं होतं. उजवा पडदा काळा होता.

"गेला!" चाचा बाहेर म्हणाले. "दिवा गेला!"

मला एकदम काही कळलं असं नाही. उजवा पडदा काळा, आणि नळातला करंट गेला. दादा मॉनिटरच्या डोक्यावर थापटी मारत होता. "नकाशा गेला बघ. कुठं चाललोय ते कळंना."

बाहेर चाचांनी टेस्टर पाइपावरून काढला आणि ते बाजूला झाले. पाणी वाया चाललं होतं. करंट गेला म्हणून मामी पुढं आली, पदर खोचला, हंडा खाली ठेवला. तिची अनवाणी पावलं चिखलात होती. वायरमनला खांबावरून हे दिसत नव्हतं. त्याला खात्री करायची होती, परत फेज घातली की दिवा पेटतो का बघायचं होतं.

टेबलफॅन फिरायला लागला. उजवा पडदा उजळला, नकाशा आला, आखडलेला, थरथरणारा. आणि मामीचा हात नळाकडं चालला होता.

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी मोर्च्यात माइकशिवाय बोलणारा माणूस. मामी ही दोन अक्षरं निघाली नाहीत. मी आत उडी घेतली आणि भिंतीवरून आलेली वायर दोन्ही हातांनी ओढली. बोर्ड टेबलावरून खाली आला, वायर मुळातून तुटली. उजवा पडदा गेला.

"आरं, इमान पडलं ना माझं," दादा म्हणाला.

मी दाराशी आलो. मामीनं नळ धरला होता आणि हंड्याचं तोंड विसळत होती. तिला काही झालं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. "काय रं? असा काय उभा?"

मी उंबऱ्यावर बसलो.

वायरमन खाली उतरून आला, टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. त्यानं पुन्हा लावला. "आता यायला पायजे व्हता," तो म्हणाला. "फेज तर घातली मी."

अर्धगोलातून एक बाई म्हणाली, "मघाशी व्हता, आता न्हाई. वर गेला की जातो, खाली आला की येत न्हाई. ह्योच करतोय काहीतरी."

दुसरी म्हणाली, "मग काय. नोकरी वाचवाया."

मी वायर तोडून मामीला वाचवलं आणि त्याच झटक्यात त्या माणसाला खोटं पाडलं. तो माझ्याकडं बघत होता, की हा लिहिता-वाचता माणूस काही बोलेल. मी बोललो नाही. तो शिडी बांधून गेला.

दादाला मी आत सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचं हसू तसंच राहिलं. चित्र वीस-पंचवीस मिनिटांनी का भरायचं ते आम्हाला दोघांना एकाच वेळी उमगलं असावं. कार्ड गरम होत नव्हतं. नळावर बायका पाणी सांडायच्या, पाइपाभोवतीची माती भिजायची, करंटाला वाट मिळायची, आणि इकडं आमचं चित्र मोठं व्हायचं. त्या मातीत त्या उभ्या असायच्या. आम्ही त्याची वाट बघत बसायचो, हातावर हात ठेवून.

"वायर निघाली ना?" दादा म्हणाला. "आता कोणी मरत न्हाई. विषय संपला."

"आणि वायरमन?"

"त्याला दुसऱ्या गावाला टाकतील."

"त्याचं नाव यादीतून काढा असं मी छापलंय, दादा."

"आन् पोलिसात गेलं म्हंजे? दुकान जाईल. तुझ्या पत्रकापायी माझं दुकान घालवणार व्हय?" त्याचा आवाज बारीक झाला होता. त्यालाही भीती वाटत होती आणि मला त्याचा राग येत नव्हता. मला पोलिसांची भीती होती, चाचांची होती, मंडळातली पोरं हसतील याची तर फारच होती. चाचीची बोटं डोळ्यांपुढं येत होती. पण खरं सांगायचं तर तिच्या बोटांपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हेच जास्त वेळा येत होतं. दुसऱ्या कोणाबद्दलच्या पत्रकात मी याला लाज नसणं म्हटलं असतं.

सकाळी मी एक चिठ्ठी छापली. ‘काही तांत्रिक कारणामुळे आजचा मोर्चा रद्द.’ ती घेऊन पावणेदहाला वीज कार्यालयात गेलो. वायरमन बाहेरच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. मला वाटलं, झालं, एवढ्यावर सुटलो.

त्यानं सावकाश वाचली. "तांत्रिक कारण म्हंजे कोण, भाऊ?"

मी खाली बघितलं.

"कोणीतरी असंल ना?"

"मी," मी म्हणालो.

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो कामाचे प्रश्न विचारत गेला. फेज कोणाची? चाचांची. न्यूट्रल? नाही घेतली. मग रिटर्न कुठं?

"नळाच्या पाइपाला."

"चालू नळाच्या?"

"टेप मारली होती."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तिथं बारकी लेकरं आंघोळीला बसत्यात," तो म्हणाला. "मी बघितलीत." मग चिठ्ठीची घडी घातली. "आन् मी तीन रात्री झोपलो न्हाई. म्हणलं, मलाच काम येत न्हाई."

दहाला आम्ही दोघंही आत गेलो. मी साहेबांना लेखी दिलं. सही पत्रकावरच्या सहीसारखी येईना, दोनदा करावी लागली. साहेबांना करंटचं लगेच समजलं. मॉनिटरचं समजेना.

"गेम खेळायला दोन?"

"हो."

"एकावर खेळता येत नाही?"

"येतो. पण नकाशा..." मी सांगायला लागलो आणि थांबलो.

अकराला मंडळाची पोरं बॅनर घेऊन फाटकाशी आली होती. त्यांना मी फाटकातच सांगितलं. कोणी हसलं नाही, ते जास्त अवघड होतं. एक जण बॅनरची काठी टेकवून म्हणाला, "मग घोषणा कोणाच्या नावानं द्यायच्या आता?" दुसरा म्हणाला, "चला रं, चहा तरी घिऊ." ती पोरं नंतर मला बोलवेनाशी झाली. मंडळ सुटलं म्हणा, किंवा त्यांनी मला सोडलं.

वायरमनचं काय झालं ते इथंच सांगतो. त्याचं नाव यादीतून निघालं नाही. काही महिन्यांनी तो कायम झाला. हे त्यानं चाचांना सांगितलं, पेढे त्यांना दिले. मला नाही. पोलीस आले नाहीत, नोटीस आली, चाचांना आणि आम्हाला दोघांनाही. चाचांची काही चूक नसताना.

त्याच दिवशी दुपारी दादा आणि मी चाचीकडं गेलो. तिच्या हाताला हळदीचं फडकं बांधलेलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्याच घरची लाइट मला लागली?"

दादा म्हणाला, "चुकलं, चाची."

"माझी बोटं अजून वळत न्हाईत. तुमचं इमान कुठवर गेलं?"

चाचा गादीला टाके घालत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी सव्वापाचला नळाला पाणी आलं आणि एकही बाई पुढं होईना. काल रात्रीपासून त्या लांबच्या हापशावरून पाणी आणत होत्या. वायरमन आला होता, त्याला बोलवलं नव्हतं तरी. त्यानं टेस्टर लावला, दिवा पेटला नाही, सगळ्यांना दाखवला. कोणी हललं नाही. त्याच्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका असं गावभर मीच छापून वाटलं होतं.

तो माझ्याकडं वळला. "तुमी धरा."

वायर मी माझ्या हातांनी तोडली होती. पाइपावरची तार सकाळी मीच पकडीनं काढली होती. कॉम्प्युटर बंद होता, मॉनिटर भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. त्या नळात काही असूच शकत नव्हतं, हे सगळ्या गावात मला एकट्याला पक्कं माहीत होतं. तरी माझा हात उठेना. चपला काढायच्या होत्या, बायका अनवाणी भरतात म्हणून. चिखल पायाला गार लागला आणि तो गारवा वर चढत गेला. हात नळापासून वीतभर अंतरावर थांबला.

"काल माझा भरवसा नव्हता," वायरमन हळू म्हणाला. "आज सोताचाबी न्हाई व्हय?"

मी डोळे मिटून धरला. लोखंड थंड होतं. खाली पाणी पडत होतं. बाकी काही नाही. तरी माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि ते सगळ्यांना ऐकू जात असणार.

मी हात काढायला लागलो तेव्हा चाची पुढं आली. डाव्या हातात कळशी होती. ती तिनं नळाखाली सरकवली, स्वतः नळाला न शिवता.

"काढू नको," ती म्हणाली. "माझं भरंस्तोवर धर."

तिच्यामागं मामी उभी राहिली, मामीमागं बाकीच्या. मी धरून ठेवला.